विचारून न कळणारी दृष्टी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची सरकारी खर्चाने तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, असा त्याचा आराखडा आहे. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयदोष असे कितीतरी दोष या पथकाने वेळीच पकडावेत अशी योजना आहे. ती चालावी, नीट चालावी असेच आम्हांला वाटते. म्हणूनच तिच्यातल्या एका ओळीबद्दल लिहीत आहोत.

अंगणवाडीच्या वयाच्या मुलांसाठी पथकाकडे जे पत्रक असते, त्यात आईला विचारायचा प्रश्न असतो तो असा काहीसा: मुलाला दिवसा किंवा रात्री दिसायला त्रास होतो का? रातांधळेपणा, म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता, शोधायला हा प्रश्न योग्यच आहे. मूल संध्याकाळी अडखळते हे आईइतके कोणाला कळणार? पण एका डोळ्याचा नंबर मोठा आणि दुसरा डोळा ठीक असेल, तर हे मूल अडखळत नाही. ते पळते, चिंचा पाडते, सुईत दोराही ओवते. एका डोळ्याने अंधुक दिसते हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. जगाकडे दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने पाहता येते हे त्याने कधी अनुभवलेलेच नाही. मग आई काय सांगणार? ती ‘नाही’ म्हणते, पत्रकावर खूण होते आणि दोष तसाच राहतो.

हा दोष थांबून राहणारा नाही. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या दृष्टिकेंद्राच्या पेशी त्याला जवळजवळ दाद देईनात. मोठ्या मांजरावर याच प्रयोगाचा तसा परिणाम झाला नाही. या कामाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांमधला ‘आळशी डोळा’ याच जातीचा. धूसर चित्र पाठवणाऱ्या डोळ्याकडे मेंदू पाहीनासा होतो. साधारण सात वर्षांच्या आत चष्मा लावला, लागल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, तर फळ चांगले येते. पुढेही प्रयत्न करता येतात, पण यश कमी. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम दोषाच्या मुलांना रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरली. इतका स्वस्त इलाज क्वचितच असतो.

आता शाळेकडे पाहू. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९९४पासून शिक्षकांनी मुलांची दृष्टी तपासावी अशी सोय झाली. पण भर होता तो १० ते १४ वयावर. जवळच्याच वस्तू स्पष्ट दिसणे सुरू होण्याचे ते वय, म्हणून तो निर्णय चुकीचा नव्हता. पण आळशी डोळ्यासाठी ती गाडी सुटलेली असते.

खोपोलीच्या शिळफाट्यावरून पाहिले तर आणखी दोन अडचणी दिसतात. खालापूर-कर्जतच्या वाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत पथक आले, तर ज्यांना गरज जास्त तीच मुले अंगणवाडीत नसतात. दुसरी अडचण रस्त्याची. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे पेण ओलांडून थेट किनाऱ्यावर. ज्या मुलाला काहीच त्रास नाही असे घरच्यांना वाटते, त्याच्यासाठी कोण एक दिवसाची मजुरी बुडवील?

बालवाडी आणि पहिलीचे शिक्षक इथे काही करू शकतात. इंग्रजी ‘ई’ अक्षर ८.७ मिलिमीटर उंचीचे काढावे, रेघा आणि फटी उंचीच्या पाचव्या भागाइतक्या. झेरॉक्स काढली तर पुन्हा पट्टीने मोजावे; यंत्र आकार हमखास थोडा बदलते. अक्षराभोवती चारही बाजूंना रेघांची चौकट हवीच. सुट्टे अक्षर आळशी डोळासुद्धा ओळखतो, गर्दीत मात्र चुकतो. मूल तीन मीटरवर उभे करून एकेक डोळा पुठ्ठ्याने झाकावा. तळहात नको, बोटांच्या फटीतून मुले पाहतात! अक्षराची तोंडे कोणत्या दिशेला हे मुलाने हाताने दाखवावे, पाचपैकी तीन वेळा तरी बरोबर. उजवे-डावे घोटाळणाऱ्या लहानग्यांसाठी फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लेआ ह्युव्हारिनेन यांची घर, सफरचंद, वर्तुळ, चौकोन ही चित्रे अधिक सोयीची. एक डोळा झाकू दिला आणि दुसरा झाकताच मूल रडू लागले, तर तो हट्ट समजू नये. तीच खूण असू शकते.

ब्रिटनमध्ये चार ते पाच वर्षांच्या सर्व मुलांची अशी तपासणी व्हावी अशी अधिकृत शिफारस आहे. आपल्याकडे पथक आहे, अंगणवाडी आहे, मोफत चष्म्याची तरतूदही आहे. पत्रकातल्या त्या एका प्रश्नाखाली दोन रकाने वाढवावेत, उजवा आणि डावा. आणि एक फेरी पावसाळ्यात, वाड्या भरलेल्या असताना ठेवावी.