नऊ किलोमीटरचा चौकोन आणि चोवीस मीटरचा ठिपका

पश्चिम घाटाचा कोणता भाग किती नाजूक आहे, हे संगणकाच्या साहाय्याने ठरवण्याचा मोठा प्रयत्न माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने केला. २०११ साली सादर झालेल्या त्या अहवालावर राजकीय वाद भरपूर झाले. वर्गात घेण्याजोगी आहे ती त्यातील प्रारूपाची चिकित्सा.

गटाने घाटावर सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन आखले. प्रदेशनिष्ठ वनस्पती, प्राणी, जंगल, उंची, उतार अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण देऊन त्यांची सरासरी काढली. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि प्रत्येकासाठी नवी माहिती लागते. दीड वर्षात ते जमणारे नव्हते.

असा चौकोन नमुन्यादाखल कल्याण स्थानकावर ठेवा. त्याची बाजू अंबरनाथच्या पुढे जाईल. वालधुनी, कारखाने, दाट वस्ती, या सर्वांना मिळून एकच गुण! सरासरीत ओढ्याकाठची राई हरवते.

२०१३ साली कस्तुरीरंगन समितीने उपग्रहचित्रांतील २४ मीटरचे ठिपके वापरले. गाडगीळांच्या एका चौकोनात असे १,४०,६२५ ठिपके मावतात. अचूकता वाढली का? माझ्या मते रेषा तेवढ्या बारीक झाल्या. उपग्रहाला झाडोरा दिसतो, त्याखालचा बेडूक दिसत नाही. शिवाय निष्कर्ष पुन्हा गावावर आणला: २० टक्के वा अधिक क्षेत्र संवेदनशील निघाले, की अख्खे गाव यादीत. महाराष्ट्रातील अशी गावे २,१५९. म्हणजे १९ टक्के रान असलेल्या गावात खाणीला आडकाठी नाही, आणि २१ टक्क्यांच्या गावात बाकीच्या माळावरही बंदी.

गाडगीळ गटाने अंतिम सीमा ग्रामसभांच्या सहभागाने, सूक्ष्म पाणलोटाच्या पातळीवर ठरवाव्यात असे सुचवले होते. ढोबळ पण झटपट प्रारूपाचा हाच रास्त उपयोग: कुठे जाऊन नीट पाहायचे, ते सांगणे. पण त्याच चौकोनांवरून अहवालाने तालुक्यांच्या याद्याही दिल्या. त्या याद्या सीमेसारख्या वाचल्या जाणारच होत्या.

विद्यार्थ्यांना दुर्गाडीजवळच्या खाडीकाठाचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा द्यावा. तिवरांचे क्षेत्र आधी २ सेंटिमीटरच्या, मग अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनांनी मोजायला सांगावे. अर्ध्याहून अधिक भरलेला चौकोनच धरावा, आणि लागलेला वेळही लिहून ठेवावा. दुसऱ्या वेळी चौकोन १६ पट होतील. पहिल्या मोजणीत मात्र काठाची अरुंद पट्टी बहुधा शून्यच भरेल.