अ जीवनसत्त्व : डोळ्यांचे औषध, की जुलाबाचे?

लातूर-नांदेडकडच्या कोणत्याही खेड्यातली अंगणवाडी घ्या. वर्षातून दोनदा तिथे पिवळसर, तेलकट औषधाची बाटली येते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर १ लाख युनिट, आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. 'हे औषध कशाचं?' या आयांच्या प्रश्नाला 'डोळ्यांचं' हे उत्तर ठरलेले असते. कधी पुढची पुस्तीही जोडली जाते, 'यानं जुलाब, खोकला होत नाही.' पहिल्या उत्तराबद्दल वाद नाही. दुसरे मात्र तपासून घ्यायला हवे.

हा दावा आला इंडोनेशियातून. आल्फ्रेड सोमर यांनी १९८६ साली आचे प्रांतातील पाहणी प्रसिद्ध केली. डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. १९९० मध्ये तिरुचिरापल्ली जिल्ह्यात दर आठवड्याला छोटी मात्रा देऊन मृत्यू निम्म्याहून खाली आले. मात्र जुलाब व खोकल्याचे प्रमाण तिथे घटले नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही आपला प्रयोग मांडला : डोस मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांचा मृत्युदर जवळजवळ सारखाच. पुढे उत्तर प्रदेशात १० लाख मुलांवर १९९९ ते २००४ या काळात प्रयोग झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फरक अवघा ४ टक्के, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल एवढा. आपल्याकडच्या लेखांत आचे हमखास भेटते, हैदराबाद क्वचित. नांदेडकरांना तर हैदराबाद मुंबईहून जवळ!

मग खरे कोण? माझ्या मते बरेचसे सगळेच. आतड्याचे आणि श्वासनलिकेचे अस्तर ओलसर, धड राहण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की अस्तर कोरडे होते, आणि जंतूंना वाट मिळते. जिथे अभाव मोठा, तिथे भर घातल्याचा लाभ मोठा. जिथे अभाव थोडा, तिथे दिसेल न दिसेल इतका. म्हणजे ही खड्ड्यात टाकायची भर आहे, रोगावरचा उतारा नव्हे. याला ठळक अपवाद गोवराचा. गोवरात शरीरातला साठा झपाट्याने उतरतो, म्हणून आजारी मुलाला लागोपाठ दोन दिवस डोस देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

साध्या जुलाबाचे तसे नाही. तिथे मूल दगावते ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. उपाय जलसंजीवनी, १४ दिवस जस्ताच्या गोळ्या, आणि खाणे व अंगावरचे दूध चालू ठेवणे. 'अ'चा डोस पाजला म्हणून जलसंजीवनी राहून गेली, तर त्या अर्धवट ज्ञानाची किंमत मूल मोजते. शिवाय हे जीवनसत्त्व यकृतात साठते. जुलाब झाला की पुन्हा डोस, असे केल्यास उलट्या होतात, तान्ह्या बाळाची टाळू फुगते.

वर्गात एक गणित घालून पाहा. २ लाख युनिट म्हणजे ६० मिलिग्रॅम. लहान मुलाची रोजची गरज सुमारे ४०० मायक्रोग्रॅम. भागाकार १५० दिवस येतो. दिलेले सगळेच शरीरात राहत नाही, तरी सहा महिन्यांचे अंतर का, हे मुलांना कळते. आणि त्यांनी विचारलेच, 'मग रोज जेवणातून का नाही?', तर तो प्रश्न टाळू नये.

कारण उत्तर शेतात आहे. पाथरी, तांदुळजा, करडईची कोवळी पाने, शेवग्याचा पाला यांतले कॅरोटिन शरीरात 'अ' बनते; भाजीला थोडे तेल मात्र हवे. अडचण उन्हाळ्याची. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी पालेभाजीला पाणी कोण देणार? आणि दूषित पाण्याचे जुलाबही त्याच दिवसांतले. एकदा रुजल्यावर कमी पाण्यावर तगणारा शेवगा तेवढा बांधावर उभा असतो. त्याच्या शेंगा बाजारात जातात, पाला शेळ्यांपुढे.