बावीस ओळींचा पूर

इ. एम. विल्सन यांच्या 'इंजिनिअरिंग हायड्रॉलॉजी' या पाठ्यपुस्तकात एक तक्ता आहे. तीन रकाने, बावीस ओळी. पहिल्या रकान्यात तास, सहा-सहाच्या अंतराने, शून्यापासून १२६ पर्यंत. दुसऱ्यात नदीच्या एका टप्प्यात वरून शिरणारं पाणी, तिसऱ्यात त्याच टप्प्यातून खाली बाहेर पडणारं. दोन्ही क्युमेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनमीटर. पुराचं गणित करणाऱ्या जगभरच्या मंडळींनी हा तक्ता इतका घोटला आहे की 'विल्सनचा पूर' एवढं म्हटलं की पुरतं. कवितेचं रसग्रहण करतात, तसं या तक्त्याचं आणि त्यावर बसवलेल्या एका समीकरणाचं करायला हरकत नसावी. दोन्ही वाचताना थांबायला जागा भरपूर आहेत.

आधी नुसते आकडे वाचू. आवक: २२, २३, ३५, ७१, १०३, १११. तीस तासांत पाचपट. त्याच वेळातली जावक: २२, २१, २१, २६, ३४, ४४. वर नदी चढायला लागली आहे आणि खालच्या टोकाला पाणी बारा तास किंचित उतरलेलंच. वरची खबर खाली पोचलेली नाही. मग तिसाव्या तासाला वर शिखर येतं, १११. खालचं शिखर साठाव्या तासाला, ८५. तीस तास उशिरा आणि २६ क्युमेकनं बुटकं. रकान्यांच्या बेरजा करून पाहिल्या तर १०७९ आणि १०६२. म्हणजे वाटेत पाणी फारसं हरवलं नाही, मोठा ओढाही येऊन मिळाला नाही. जेवढं आलं तेवढंच गेलं, फक्त लांबत, पसरत गेलं.

खरी गंमत मात्र मधल्या तीन ओळींत आहे. अठ्ठेचाळिसाव्या तासाला आवक ८६, जावक ७५. चोपन्नाव्याला आवक ७१, जावक ८२. म्हणजे या सहा तासांत केव्हातरी दोन्ही सारखी झाली आणि तिथून पुढे टप्प्यातला साठा कमी व्हायला लागला. साधं धरण असतं, दारं नसलेलं, सांडव्यावरून आपोआप वाहणारं, तर त्याच क्षणी जावक सर्वांत जास्त असती. साठा उतरू लागला की सांडव्यावरचं पाणीही उतरायला लागतं. इथे तसं होत नाही. साठाव्या तासाला आवक ५९ पर्यंत घसरली आहे, टप्पा रिकामा होतो आहे, आणि जावक अजून चढतेच आहे: ८५. नदी धरणासारखी वागत नाही. टप्प्यात किती पाणी आहे एवढ्यावर तिची जावक ठरत नाही, ते पाणी कुठे आहे यावरही ठरते.

हे 'कुठे' गणितात कसं आणायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सुटला. मार्च १९१३ च्या महापुरानं ते राज्य उद्ध्वस्त केलं होतं. तिथली मस्किंगम नदी कोशॉक्टन गावाशी दोन नद्यांच्या संगमातून सुरू होते आणि मारिएटाला ओहायो नदीला मिळते. तिच्या खोऱ्यासाठी १९३३ साली पूरनियंत्रणाची संस्था निघाली, धरणं बांधली गेली. त्या कामातून अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातल्या जी. टी. मॅकार्थी यांची पद्धत पुढे आली. १९३८ साली त्यांनी ती दलाच्याच एका परिषदेत मांडली. तो निबंध रीतसर छापलाही गेला नाही, तरी पुराच्या शास्त्रात त्याचा हवाला दिल्याशिवाय पान हलत नाही.

मॅकार्थींनी टप्प्यातल्या पाण्याचे दोन भाग पाडले. एक तळाचा सारखा थर, जावकेच्या मापाचा. दुसरी त्यावर बसलेली पाचर: पूर चढताना वरच्या बाजूला जाड आणि खाली निमुळती, पूर ओसरताना उलटी. दोन्ही मिळून एक ओळ होते:

साठा = क × [क्ष × आवक + (१ − क्ष) × जावक]

या ओळीत किती सोडून दिलं आहे ते पाहा. पात्राची रुंदी नाही, खोली नाही, उतार नाही, वळणं नाहीत, झाडी नाही, पूल नाहीत. सगळी नदी दोन अक्षरांत. 'क' म्हणजे पाण्याला तो टप्पा ओलांडायला लागणारा वेळ, तासांत मोजता येणारा. 'क्ष' म्हणजे पाचरेचं वजन. क्ष शून्य असेल तर नदी धरण होते. क्ष अर्धा असेल तर पूर जसाच्या तसा, एक क्युमेकही न झिजता, नुसता उशिरा खाली पोचतो. खऱ्या नद्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. 'ही नदी किती धरण आणि किती पन्हळ' हा प्रश्न एका अपूर्णांकात विचारणं, यापेक्षा काटकसरीचं लेखन मी गणितात फार थोडं पाहिलं आहे.

आता क्ष शोधायचा कसा? त्या काळी संगणक नव्हता. झालेल्या एखाद्या पुराचे आकडे घ्यायचे, अंदाजानं एक क्ष धरायचा आणि कंसातल्या राशीसमोर साठा आलेखावर मांडायचा. चुकीच्या क्षला आलेखाचा फास होतो: चढताना एका वाटेनं जातो, उतरताना दुसरीनं परततो. क्ष बदलत जायचं, फास अरुंद होत जातो. जिथे तो मिटून जवळजवळ सरळ रेषा होते तो क्ष खरा, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे क. आज ज्याला 'ऑप्टिमायझेशन' म्हणतात ते हेच. फक्त ते पेन्सिलीनं आणि डोळ्यानं चाललं होतं.

समीकरणात एक खोडही आहे. आवक झपाट्यानं चढली की ते पहिल्या काही तासांत जावक घटल्याचं दाखवतं, प्रसंगी ऋणसुद्धा. कारण या ओळीला अंतर ठाऊक नाही. वर पाणी आलं की संपूर्ण टप्प्याची पाचर त्याच क्षणी फुगते, आणि हिशेब जुळवायला बिचाऱ्या जावकेला माघार घ्यावी लागते. दुसरी मर्यादा आपल्याकडे लगेच कळेल. सांगलीत कृष्णा चढते तेव्हा खाली हरिपूरला वारणा मिळते, आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. वारणेलाच पूर असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. मस्किंगमची ओळ फक्त वरून खाली वाचता येते. खालून वर येणारा दाब तिच्या व्याकरणातच बसत नाही. तिथे सँ-व्हनाँ यांची १८७१ ची जड समीकरणं लागतात, आणि त्यांना पात्राचे छेद ठिकठिकाणी मोजून द्यावे लागतात.

विल्सनचा पूरही या ओळीत नीट मावत नाही. कुठलाही क्ष घ्या, फास मिटला तरी रेषा वाकडीच राहते. १९७८ साली गिल यांनी कंसाला घातांक जोडला, त्याला 'म' म्हणू. एक अक्षर वाढलं आणि पेन्सिल संपली. तीन अज्ञातं डोळ्यानं शोधता येत नाहीत. इथून संगणक आला, आणि त्याबरोबर चढाओढ. कसोटी एकच: समीकरणानं काढलेली जावक आणि तक्त्यातली जावक यांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, ती ज्याची कमी तो वरचढ. गिल यांची बेरीज १४० च्या पुढे होती. १९८५ साली टुंग यांनी चाचपडत पावलं टाकणाऱ्या शोधपद्धतीनं ती पन्नाशीच्या आत आणली. १९९७ साली मद्रास आयआयटीचे एस. मोहन यांनी जनुकीय पद्धत लावली: क, क्ष, म यांच्या अनेक जोडण्या, त्यांचा संकर, थोडी उलथापालथ, कमकुवतांना रजा. बेरीज ३८ वर. २००१ साली किम आणि गीम यांनी जॅझ वादकांवरून सुचलेली 'हार्मनी सर्च' वापरली: आठवणीतला सूर घ्यायचा, जरासा वरखाली करायचा, चांगला लागला तर ठेवायचा. (बैठकीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.) बेरीज ३६.७८. पुढे पारंपरिक उताराच्या पद्धतीनं गीम यांनीच ती ३६.७७ केली.

हे सगळं वाचताना कौतुक वाटतं, आणि एका जागी हसूही येतं. बेरजेवरून दर ओळीमागची सरासरी चूक काढली तर १४० चे सुमारे अडीच क्युमेक होतात आणि ३८ चे सुमारे १.३. ही झेप खरी. पण ३८ वरून ३६.७८ वर आलं म्हणजे सेकंदाला जेमतेम वीस-पंचवीस लिटरचा फरक, आणि ३६.७८ वरून ३६.७७ म्हणजे सेकंदाला कपभर पाणी. तेही ज्या पुरात खाली सेकंदाला ८५ हजार लिटर वाहत होतं आणि जो मुळात पूर्णांकांतच नोंदला गेला, त्या पुरात. नदी मोजणारा माणूस इतक्या बारकाईनं नदी मोजूच शकत नाही. या शर्यतीत कस लागत होता तो शोधपद्धतींचा; विल्सनचा पूर निमित्तमात्र.

तरी हार्मनी सर्चला सापडलेल्या आकड्यांत वाचण्याजोगं काही आहेच, आणि ते सहसा कुणी वाचत नाही. म निघाला १.८६. म एकापेक्षा मोठा म्हणजे प्रवाह वाढेल तसा साठा त्याहून वेगानं वाढतो, म्हणजे मोठं पाणी हळू चालतं. हिशेब केला तर २० क्युमेकला टप्पा पार करायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण साडेतीनपट वेळ ८५ क्युमेकला. पात्रात राहिलेला पूर मोठा होईल तसा सहसा जोरात धावतो. पाणी काठ ओलांडून शेताशिवारात पसरलं की तो रेंगाळतो. म्हणजे रुंदी, खोली, उतार काहीच न सांगितलेल्या या समीकरणाला बावीस ओळींतून पसरलेल्या पाण्याचा वास लागला आहे. बदल्यात 'क' नं मात्र आपला अर्थ गमावला. सहा तासांचं एकक धरलं तर तो ०.०८८ येतो, आणि हे आता तास नव्हेत, कुठल्याही घड्याळात न बसणारी एक राशी आहे. घातांकानं अचूकता दिली आणि नदीकाठच्या माणसाला समजणारी एकमेव संख्या काढून घेतली.

माझा कल म्हणून दुसऱ्या वाटेकडे आहे. ती या शर्यतीच्या आधीच, १९६९ साली, ग्रनोबलच्या जाँ कुंज यांनी दाखवली होती. मूळ सरळ समीकरण संगणकावर टप्प्याटप्प्यानं सोडवताना पूर आपोआप थोडा झिजतो. ही झीज नदीची नसते, आकडेमोडीच्या ढोबळपणाची असते. दुसरा कुणी ती कमी करत बसला असता. कुंज यांनी ती मोजली आणि क्ष असा निवडला की आकडेमोडीची झीज नदीच्या खऱ्या झिजेइतकी व्हावी. त्यासाठी पात्राची रुंदी, उतार, प्रवाह आणि लाटेचा वेग एवढंच लागतं. क पुन्हा वेळ झाला, टप्प्याची लांबी भागिले लाटेचा वेग. आणि जुन्या पुराचा तक्ता हाताशी नसलेल्या नदीवरही मॅकार्थींची ती एक ओळ लिहिता येऊ लागली.