विज्ञानशर्म्याचे नगर

कठोपनिषदाचे मराठी करू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती अवघड शब्दांची नव्हे, ओळखीच्या शब्दांची. अवघड शब्दाचा अर्थ आपण भाष्यात शोधतो. ओळखीचा शब्द जसाचा तसा उतरवून पुढे जातो आणि तेथेच फसतो. ‘श्रेय’ हा यमाच्या उपदेशातील कळीचा शब्द. पण आजच्या मराठी वाचकाला श्रेय म्हणजे केलेल्या कामाबद्दल मिळणारा मान. ‘प्रेत’ म्हणजे त्या संवादात येथून निघून गेलेला मनुष्य. मराठीत मात्र तो येथे मागे राहिलेला देह होय. म्हणजे एकाच शब्दाने दोन भाषांत नेमक्या उलट्या दिशा धरल्या आहेत. परंतु मला अधिक काळ अडवून धरले ते ‘विज्ञान’ या शब्दाने. देह हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, आणि विज्ञान ज्याचे सारथी तो प्रवासाच्या शेवटास पोचतो, असे यम नचिकेत्याला सांगतो. येथे विज्ञान तसेच ठेवले तर आजच्या वाचकासमोर प्रयोगशाळा उभी राहते. शंकराचार्यांच्या मागोमाग ‘विवेकबुद्धी’ म्हणावे, तर अर्थ निर्दोष होतो. पण घोड्यांना दाणावैरण घालणारा, चाकाचा आस तपासणारा सारथी त्यातून नाहीसा होतो.

या अडचणीवर प्रकाश पडला तो एका अनपेक्षित ठिकाणाहून, तंजावरच्या मराठी राजवाड्यातून. महाराष्ट्रात तंजावरची आठवण निघते ती बहुधा शहाजीराजांची मराठी नाटके व सरस्वतीमहाल ग्रंथालय यांच्या निमित्ताने. ते योग्यच आहे. पण त्याच दरबारात मराठी राजांच्या मंत्र्याच्या नावावर एक संस्कृत नाटक निर्माण झाले, त्याकडे मराठी समीक्षेने पुरेशा आस्थेने पाहिलेले नाही. ते म्हणजे आनंदरायमखी याचे ‘जीवानंदन’. आनंदराय हा शहाजी (१६८४–१७१२) व पहिले सरफोजी (१७१२–१७२८) यांच्या काळातील मंत्री. नाटक त्याच्या आश्रयातील वेदकवीने रचले असेही एक मत आहे. प्रस्तुत विवेचनाला त्यामुळे बाध येत नाही, कारण नाटकातील दृष्टी मंत्र्याचीच आहे.

‘प्रबोधचंद्रोदया’पासून चालत आलेल्या रूपकनाट्याच्या परंपरेतील हे सात अंकी नाटक. देह हे नगर, जीव हा त्याचा राजा, बुद्धी ही राणी. राजयक्ष्मा आपल्या रोगांच्या सैन्यासह नगरावर चालून आला आहे. पांडू हा त्याचा मंत्री. जीवाच्या पदरी दोन मंत्री आहेत, ज्ञानशर्मा व विज्ञानशर्मा. पहिला राजाला मोक्षाकडे ओढतो, दुसरा तटबंदीकडे. विज्ञानशर्म्याच्या सल्ल्याने राजा हृदयकमलरूपी पुंडरीकपुरात जाऊन शिवाची आराधना करतो. पारा आणि गंधक ही औषधे मिळतात, रोगांचा मोड होतो आणि शिवकृपेने राजा निरामय होतो.

अमरकोशाने मोक्षविषयक बुद्धीला ज्ञान आणि शिल्प व शास्त्रे यांविषयीच्या बुद्धीला विज्ञान म्हटले आहे. नाटककाराने ही कोशातील विभागणी उचलून तिला दोन माणसांचे रूप दिले. उपनिषदातील सारथी आणि आजच्या मराठीतील विज्ञान यांच्यामधला गळालेला दुवा हाच होय. विज्ञानशर्मा वैद्यक जाणतो, राजनीती जाणतो, केव्हा थांबावे व केव्हा चाल करावी हे जाणतो. तरीही तो नास्तिक नाही, धन्याला तो देवाच्याच पायाशी पाठवितो.

नाटककाराने कठोपनिषद समोर ठेवून लेखन केले असा माझा दावा नाही. देहाला नगर म्हणण्याची कल्पना गीतेत आहे, भागवतात आहे. पण दोन्ही कृती शेजारी ठेवल्या की एक भेद डोळ्यांत भरतो. कठोपनिषदातही अकरा दारांचे नगर आहे. तेथील स्वामी अजन्मा आहे. नगराचे काही झाले तरी त्याला शोक नाही. तंजावरच्या राजाला ही चैन परवडणारी नव्हती. या राज्याची स्थापनाच एकोजीने हे शहर घेऊन केली होती. पुढे १७७३ मध्ये ते नबाबाच्या हाती पडले आणि तुळजाजीला बंदिवासही घडला. वेढा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक असते त्यांना तटाविषयी उदासीन राहण्याचा उपदेश रुचत नाही. म्हणून ‘जीवानंदना’तील देह तुच्छ नाही, तो राखण्याजोगा आहे, आणि तो राखणे हेही एक कर्तव्य आहे. याच राजवाड्यात पुढे दुसऱ्या सरफोजींनी (१७९८–१८३२) धन्वंतरी महाल चालविला, नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. विज्ञानशर्म्याचे बोलणे त्या भूमीत वाया गेले नाही.

नाटकाची ही बाजू गुणाची. आता उणे काय ते सांगितले पाहिजे. कठोपनिषदात मुलगा मृत्यूच्या घरी जातो आणि यजमान घरी नाही म्हणून तीन रात्री उपाशी बसतो. मृत्यू परत येतो तो अतिथीची क्षमा मागत. नाटकात उलट, मृत्यूचे दूत माणसाच्या वेशीवर येतात. नचिकेता ज्या गोष्टी नाकारतो त्यांत दीर्घायुष्य आहे; जीवराजा झगडतो तो त्यासाठीच. तरीही यात विरोध आहे असे मला वाटत नाही, कारण नचिकेत्याचा पहिला वरही घराकडे पाहणारा आहे: बापाचा राग निवावा. ‘जीवानंदन’ हे पहिल्या वराचे नाटक आहे. खरी उणीव पुढे आहे. रोगाला शत्रूचे आसन दिल्यावर मृत्यूला गुरूचे आसन देता येत नाही. यक्ष्म्याला जिंकता येते. त्याला तिसरा प्रश्न विचारता येत नाही. मेल्यानंतर माणूस असतो की नसतो, याबद्दल देवांनाही संशय होता असे यम कबूल करतो. त्या कबुलीतून जी गंभीर शांतता निर्माण होते ती या नाटकात कोठेच नाही. विजयाच्या उत्साहात ती निर्माण होणे शक्यही नव्हते.

हे दोन्ही ध्यानी घेतल्यावर अनुवादकाने काय करावे? मी ‘विवेक’ खोडला आणि ‘जाणतेपण’ असे लिहिले. जाणता माणूस शेतही जाणतो, आजारही जाणतो, आणि कोठे आपली जाण संपते तेही जाणतो. हा शब्द तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत बसत नाही असा आक्षेप येईल, आणि तो अगदीच खोटा नाही. पण रथ हाकायचा असेल तर सारथ्याला घोड्यांची ओळख हवी. यमाच्या दाराशी पोचल्यावरच्या तीन रात्रींना मात्र तो सारथी पुरत नाही. तेथे आपले आपणच बसावे लागते.