आयकार्डचा फ्रॉक कसा झाला

मे २०२१. मदर्स डेची सकाळ. आमच्या फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. वर लिहिलेलं, ‘शेवटपर्यंत वाचा, डोळ्यांत पाणी आलं नाही तर सांगा.’ खाली एका अतिशय लोकप्रिय, आता हयात नसलेल्या मराठी लेखकाचं नाव. असले मेसेज मी वाचत नाही, अंगठ्याने वर ढकलतो. पण ‘पत्र्याची ट्रंक’ हे दोन शब्द दिसले आणि अंगठा थांबला. ती ट्रंक माझ्या आजीची होती.

आजी एप्रिल २०२० मध्ये गेली. आई पुण्यात, आजी कराडजवळच्या गावात, मध्ये लॉकडाऊन. आईला जाता आलं नाही. मामाने जे दाखवलं ते तिने फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. जूनमध्ये तिने आजीवर एक मजकूर लिहिला. लिहिला म्हणजे व्हॉइस टायपिंग लावून ती स्वयंपाकघरात बोलत राहिली आणि मग दोन दिवस चष्मा लावून चुका दुरुस्त करत बसली. कॉलेज सुटल्यापासून किराण्याची यादी सोडली तर तिने असं सलग काही लिहिलं नव्हतं. तो मजकूर तिने माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही ग्रुपवर टाकला. मलाही वेगळा पाठवला. बारा वर्षं बोलणं नसलेल्या तिच्या मावसबहिणीचा त्या रात्री फोन आला.

म्हणून सोशल मीडियाचे तोटे मोजायला बसण्याआधी हा जमेचा आकडा मांडून ठेवतो. फोनमध्ये मराठी टायपिंग आलं नसतं, समोर आयते तीस-चाळीस वाचक नसते, तर माझ्या आईने लिहिलं नसतं. कुठल्या मासिकाला पाठवायचं, पाकिटावर काय लिहायचं, हे तिला माहीत नव्हतं. ग्रुपवर तिला कुणाची परवानगी लागली नाही.

आता खर्चाची बाजू. त्या मदर्स डेला फॉरवर्डखाली आत्याने लिहिलं, “वहिनी, मागच्या वर्षी तुम्ही हेच पाठवलं होतं ना? तेव्हा लेखकाचं नाव टाकायचं राहिलं वाटतं.” पुढे हात जोडलेला इमोजी. आत्याचा हेतू वाईट नव्हता. आईने उत्तर दिलं नाही. फोन उपडा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मलाही वाटलं, आईने कुठूनतरी उचललं असेल. मी गुपचूप सर्च केलं. जिथे जिथे तो मजकूर सापडला तिथे खाली त्या लेखकाचंच नाव. मोठं नाव एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, आणि मी मोठ्या नावावर विश्वास ठेवायला निघालो होतो. मग आईबरोबरचं चॅट मागे सरकवत जून २०२० पर्यंत गेलो. तिचा मूळ मेसेज तिथे होता, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे ‘डिफ’ नावाचं टूल असतं. दोन फाइली दिल्या की ओळीओळीने फरक दाखवतं. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं. मी आईचा मजकूर एका बाजूला ठेवला, फॉरवर्ड दुसऱ्या बाजूला.

आईच्या मजकुरात आजी रागीट होती. मामाची फी भरायला पैसे कमी पडले तेव्हा आजीने आईला एस. वाय.ला कॉलेजमधून काढलं. आई पाच महिने तिच्याशी बोलली नाही. पुढे लग्न झालं, मी झालो, विषय कधी निघाला नाही. आजी गेल्यावर मामाने ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं आईचं कॉलेजचं आयकार्ड होतं. आईचा मजकूर तिथेच संपत होता. आजीला वाईट वाटत होतं का, हे तिने लिहिलं नव्हतं. तिला ते माहीतच नव्हतं.

फॉरवर्डमध्ये गावाचं नाव लाल. मामा लाल. फी लाल. पाच महिन्यांचा अबोला लाल. रागीट आजीच्या जागी ‘प्रेमाचा अखंड झरा’. आणि ट्रंकेच्या तळाशी आयकार्ड नव्हतंच, तिथे होता मुलीचा लहानपणीचा फ्रॉक. शेवटी हिरव्या रंगात एक नवा परिच्छेद, आई आहे तोवर तिची किंमत करा, नंतर फोटोला हार घालून उपयोग नाही, वगैरे.

मी या फ्रॉकपाशी खूप वेळ बसलो होतो. आयकार्डचा फ्रॉक कुणी केला असेल? एका माणसाने नसावा. एकाने गाव काढलं असेल, कारण त्याच्या ग्रुपला ते गाव माहीत नाही. दुसऱ्याने भांडण काढलं असेल, मदर्स डेला कशाला. तिसऱ्याला वाटलं असेल की आयकार्ड कोण जपून ठेवतं, फ्रॉक कसा लगेच पोचतो. चौथ्याला शेवट अर्धवट वाटला. पाचव्याने म्हटलं असेल, एवढं छान आहे म्हणजे अमक्यांचंच असणार. प्रत्येकाने आपापल्या परीने सुधारणा केली. सगळ्या सुधारणांची बेरीज अशी झाली की मजकुरातला एकमेव अवघड प्रश्न गायब झाला. आयकार्डमध्ये आजीचा अपराध होता, कदाचित पश्चात्तापही. फ्रॉकमध्ये फक्त माया आहे. फ्रॉक वाचून रडता येतं, पण कुणालाच काही कबूल करावं लागत नाही.

फॉरवर्ड हा आता मराठीतला एक साहित्यप्रकार आहे, असं मी मानतो. कदाचित सगळ्यात जास्त वाचला जाणारा. त्याचे नियम ठरलेले आहेत. प्रत्येक वाक्यानंतर नवी ओळ. माणसांना नावं नाहीत, फक्त नाती. शेवटी तात्पर्य. आणि सहीच्या जागी पु. ल. देशपांडे, व. पु. काळे नाहीतर कुसुमाग्रज. पु. ल. २००० मध्ये गेले, व. पु. २००१ मध्ये, कुसुमाग्रज त्याआधी १९९९ मध्ये. व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं २००९ला. तरी त्यांचं ‘नवं’ लेखन रोज येतच असतं.

गंमत म्हणजे या मजकुरांना पु. लं.चं नाव लावणाऱ्याने पु. ल. वाचलेले नसावेत. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला अंतू बर्वा आठवा. तो तिरकस आहे, कुजकं बोलतो, आणि त्या बोलण्याच्या मागे केवढा एकटेपणा आहे ते हळूहळू कळतं. पु. ल. त्याच्याकडून आपल्याला धडा देत नाहीत. आज अंतू बर्वा निनावी होऊन ग्रुपांवर फिरला असता, तर चौथ्या-पाचव्या वळणावर त्याचा तिरकसपणा गेला असता, रत्नागिरी गेली असती, आणि शेवटी उरला असता ‘ज्येष्ठांना वेळ द्या’ असा संदेश.

यावर एक चांगला आक्षेप आहे. लोकांच्या तोंडी फिरताना मजकूर बदलतोच, आपली अर्धी परंपरा तशीच आली आहे, मग फॉरवर्डवरच राग का? मुद्दा बरोबर आहे. संतांचे अभंग शतकानुशतकं लोकांच्या तोंडून आणि हाताने उतरवलेल्या वह्यांतून आले. पण त्या रचनेत एक सोय होती. कवीचं नाव शेवटच्या चरणातच विणलेलं असे. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. आमच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा वेगळ्या फाइलमध्ये नव्हता, डेटामध्येच होता. नाव काढलं तर चालच मोडते. ही सोय अभेद्य नव्हती. संत नामदेवांच्या अभंगांत नंतरच्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या, आणि त्या वेगळ्या काढताना अभ्यासकांची दमछाक झाली. तरी नाव टिकवायचं असतं, ही जाणीव त्या घडणीतच होती.

जात्यावरच्या ओव्यांना तर कवयित्रीचं नावच नसतं. एकीची ओवी दुसरी बदलून गाते. पण ती काय बदलते ते बघा. ती त्यात आपलं गाव घालते, आपल्या भावाचं नाव घालते, आपल्या सासरचा जाच घालते. म्हणजे हातोहात जाताना ओवीत कुणाचं तरी खरं आयुष्य भरलं जातं. फॉरवर्डमध्ये ते काढून घेतलं जातं. दोन्हीकडे बदल आहे, पण दिशा उलटी आहे. आणि गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आज त्या ‘पारी’च्या वेबसाइटवर वाचता-ऐकता येतात, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. निनावी परंपरेशीही इतक्या आदराने वागता येतं.

आता टेक्निकल बाजू. २०१८च्या जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. मेसेजबरोबर एक काउंटर प्रवास करतो. तो किती हात फिरला ते मोजतो, कुणाच्या हातून निघाला ते सांगत नाही. आणि मजकूर कॉपी-पेस्ट केला की मोजणी पुन्हा शून्यापासून. ऑफिसमध्ये एखादा अर्धविराम कुणी, कधी बदलला हे मी एका कमांडने सांगू शकतो. आईची आजी कुणी बदलली, हे सांगायला काहीही नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपने नाव का चिकटवू नये? २०२१च्या आयटी नियमांत सरकारने मोठ्या मेसेजिंग कंपन्यांकडे साधारण हेच मागितलं, की आदेश आला तर मेसेज पहिल्यांदा पाठवणाऱ्याची ओळख देता आली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. आईचा लेखक सापडावा असं मला वाटतं, तरी या वादात मी त्या मागणीच्या विरोधात आहे. लेखकाचा माग काढणारी यंत्रणा तक्रारदाराचाही माग काढते. साहेबांविरुद्ध लिहिणारा, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मैत्रिणीला सांगणारी, यांना निनावी राहता आलं पाहिजे. तेव्हा हे काम कोडवर ढकलता येत नाही. ते वाचणाऱ्याकडेच राहतं.

आणि ते काम फक्त साहित्याचं नाही. ती पाचची मर्यादा ज्या महिन्यात आली, त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत फोनवरून फिरत होत्या. भिक्षा मागत गावोगाव जाणारी ती माणसं मंगळवेढ्याकडची होती. फ्रॉक आणि ती अफवा यांची बरोबरी मी करत नाही, तशी ती होऊच शकत नाही. पण सवय एकच आहे. ‘हे कुठून आलं’ हा प्रश्न न विचारता, मनाला भिडलं म्हणून पुढे ढकलणं. रडू येणं हा जसा खरेपणाचा पुरावा नाही, तसं भीती वाटणं हाही नाही. गोड मजकुरावर ही सवय लागते आणि कडू मजकुरावर ती वापरली जाते.

मी काही फोन फेकून देणाऱ्यांतला नाही. माझं पोट त्याच्यावर आहे. मी स्वतःला तीनच गोष्टी लावून घेतल्या आहेत. लेखक माहीत नसेल तर ‘लेखक माहीत नाही’ असं लिहायचं, मोठं नाव चिकटवायचं नाही. गावं आणि नावं कापायची नाहीत. आणि कुणी छोट्या माणसाने काही लिहिलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. यातली तिसरी मला सगळ्यात उशिरा सुचली.

त्या मदर्स डेला मी आईच्या मूळ मेसेजचा तारखेसह स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. दोन-तीन अंगठे आले. बाकी शांतता. संध्याकाळी आत्याचा आईला फोन आला. ती सॉरी म्हणाली नाही. म्हणाली, “वहिनी, ते आयकार्डचं खरं आहे का हो?” आई म्हणाली, खरं आहे. मग आत्याने सांगितलं की तिची शाळा आठवीत सुटली होती, माझ्या बाबांच्या शिक्षणासाठी. हे आमच्या घरात मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. बाबा तिथेच सोफ्यावर बसले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

दोघी तासभर बोलत होत्या. फ्रॉकबद्दल आत्याने फोन केला नसता.

आईने पुढे वर्षभर काही लिहिलं नाही. मग एकदा लिहिलं, बंद पडलेल्या एका एसटीबद्दल. मी तिला म्हटलं, अभंगासारखं नाव आतच घाल, म्हणजे कुणी काढणार नाही. ती म्हणाली, “अरे, मी काय संत आहे का?” पण मजकुराच्या मधोमध कंडक्टर तिला पूर्ण नावाने हाक मारतो, असं एक वाक्य होतं. खरंच मारली होती का, ते मी विचारलेलं नाही.

फ्रॉकवाला फॉरवर्ड अजून फिरतोच आहे. पुढच्या मदर्स डेला तुमच्याकडे आला, तर तिथे आयकार्ड होतं एवढं लक्षात ठेवा.