‘असॅसिन्स क्रीड’ : स्वातंत्र्याची कथा, परतंत्र पात्रे

व्हिडिओ गेमवर बेतलेले चित्रपट बहुधा निराशा का करतात, हे समजून घ्यावयाचे असेल तर ‘असॅसिन्स क्रीड’ अवश्य पाहावा. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने हा खेळ २००७ साली बाजारात आणला. पुढे तिने २००८ मध्ये पुण्यात व २०१८ मध्ये मुंबईत आपले स्टुडिओ उघडले. मुलुंडच्या आमच्या धर्मग्रामातील तरुणांना हे नाव परके नाही. डिसेंबर २०१६ मध्ये आलेला चित्रपट मात्र बहुतेक समीक्षकांनी नापसंत केला. दिग्दर्शक जस्टिन कर्झेल, मायकेल फासबेंडर आणि मारियन कोतियार या त्रयीने आदल्याच वर्षी ‘मॅकबेथ’ ताकदीने साकारला होता. उणीव गुणांची नव्हे, दृष्टीची आहे.

मृत्युदंड झालेल्या कॅलम लिंचला माद्रिदमधील एका संस्थेत आणले जाते. तेथे ‘ॲनिमस’ नावाच्या यंत्राद्वारे त्याला आगिलार या पूर्वजाच्या, १४९२ सालच्या स्पेनमधील आठवणी पुन्हा जगावयास लावतात. शोध असतो तो एदेनच्या फळाचा. ते हाती आले की मानवाचे इच्छास्वातंत्र्य नष्ट करता येईल आणि त्याबरोबर हिंसाही संपेल, असा संस्थाचालकांचा होरा. प्रश्न मोलाचा आहे. निवडीचा अधिकारच नसेल, तर सदाचाराला तरी काय अर्थ उरतो?

परंतु ज्या चित्रपटाचा विषय स्वातंत्र्य, त्यातील पात्रांनाच स्वातंत्र्य नाही. ग्रानाडाचा सुलतान ओलीस धरलेल्या मुलासाठी ते फळ शत्रूच्या हवाली करतो. केवढा हा पेच! पण दिग्दर्शक तेथे क्षणभरही रेंगाळत नाही. त्याला पाठलागाची घाई. कॅलम आधी मारेकऱ्यांच्या पंथाचा नाश करू पाहतो आणि पाहता पाहता त्याच पंथाचा होतो. हे मनःपरिवर्तन घडते, उलगडत नाही.

खेळातील ‘श्रद्धेची उडी’ प्रसिद्ध आहे. चित्रपटासाठी एका साहसवीराने सुमारे १२५ फुटांवरून ती खरोखरच घेतली. तरीही आपल्या काळजात धस्स होत नाही. खेळात उडीचा निर्णय आपला असतो. चित्रपटात तो दुसऱ्याचा. म्हणून त्या दुसऱ्याचे मन आपणास कळावयास हवे. तेच येथे बंद राहते.

तोर्केमादा व इन्क्विझिशन यांचे चित्रण पाहून काही वाचक दुखावतील. आमची तक्रार निराळी आहे. इन्क्विझिशन हा इतिहास आहे आणि तो आपल्यापासून दूरचाही नाही. गोव्यात ते १५६० साली आले आणि कायमचे बंद झाले ते १८१२ साली. सत्याच्या सेवेत ख्रिस्ती जनांनी केलेल्या हिंसेबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी जाहीर क्षमायाचना केली. धर्मनिष्ठ माणूस क्रूर कसा होतो, हा खरा प्रश्न होता. चित्रपटाने आगीच्या ज्वाळा दाखविल्या, प्रश्न टाळला.

एक प्रसंग तेवढा लक्षात राहतो. आईला मारणाऱ्या पित्यासमोर कॅलम पाते घेऊन उभा राहतो, आणि ते चालवीत नाही. घरात मुलांबरोबर हा चित्रपट पाहणाऱ्या पालकांनी तेथे थांबावे आणि कॅलमचा हात का थांबला असेल, हे मुलांना विचारावे. चित्रपटात न सापडलेले उत्तर कदाचित त्या संभाषणात सापडेल.