त्रिकोणाची साक्ष

फिलिप मोल आणि सहकाऱ्यांचा २०१६ साली ‘नेचर’मध्ये आलेला शोधनिबंध मी एका आकृतीसाठी पुन्हा पुन्हा उघडतो. तिच्यात कॅडमियम आर्सेनाइडचे दोन इवले तुकडे आहेत, आयनांच्या झोताने कोरलेले: एक चौकोनी, एक त्रिकोणी. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले की चौकोनी तुकड्याच्या विद्युतरोधात दोन लयींची आंदोलने उमटतात. त्रिकोणी तुकड्यात त्यांतली एकच उरते. सगळ्या निबंधाची खरी ताकद या गैरहजेरीत आहे.

या स्फटिकातले इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे वागतात, हर्मन वाइल यांच्या १९२९ सालच्या समीकरणाला धरून. त्यांच्यात, हातांसारखे, डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात. चुंबकीय क्षेत्रात उजवे एकीकडे धावतात, डावे उलट. वरच्या पृष्ठभागाशी आलेल्या उजव्याने पुढे जावे कुठे? तिथे संवेगाच्या नकाशावर त्याला एक वाट मिळते, फर्मी कंस. साध्या धातूत अशी वाट वळून स्वतःला मिळते, ही अर्ध्यातच तुटते. चुंबकीय बल त्याला कंसावरून ढकलत नेते, दुसऱ्या टोकाशी तो डावा होतो, स्फटिकाच्या पोटातून खाली उतरतो, तळाचा कंस धरतो आणि पुन्हा वर येतो. पॉटर, किमची आणि अश्विन विश्वनाथ यांनी हा फेरा २०१४ साली कागदावर मांडला होता.

चौकोनातली दुसरी लय याच फेऱ्याची. फेरा पुरा होताना इलेक्ट्रॉनच्या लाटेची कला तुकड्याच्या जाडीनुसार ठरते. चौकोनात जाडी सगळीकडे सारखी, म्हणून लाटा एकमेकींना साथ देतात. त्रिकोणात ती जागोजागी बदलते आणि लाटा एकमेकींना पुसून टाकतात. ही हरवलेली लय नुसत्या एका पृष्ठभागाची असती, तर त्रिकोणाच्या सपाट बाजूंवरही ती दिसलीच असती! आकारालाच साक्षीला उभे करणारी ही युक्ती मला अव्वल दर्जाची वाटते. पुढे शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने पाचरीसारखे नमुने घेऊन हाच धागा पुढे नेला.

आता पृष्ठभागापलीकडे पोकळीऐवजी असाच दुसरा स्फटिक, जरा फिरवून, जोडला तर? सीमेवर दोघांचे कंस नव्याने जुळतात. उजवे टोक आपल्याच स्फटिकाच्या डाव्याशी जुळले, तर इलेक्ट्रॉन माघारी. पलीकडच्या उजव्याशी जुळले, तर पार. सिद्धांतानुसार कंसांची ही जुळणी विद्युतरोधातून वाचता येते, हे मला फार मोलाचे वाटते.

निबंध हाती आला, तर समीकरणांआधी ते दोन तुकडे पाहा.